घरी तयार केलेली बिअर बाटल्यांत भरल्यानंतर कुठे आणि किती दिवस ठेवावी?

आपण विचारले आहे की, २० लिटर एल (बिअरचा एक प्रकार) बाटल्यांत भरून झाली आहे, फ्रिजमध्ये सगळ्या बाटल्या मावत नाहीत, तर त्या बाहेर कुठे ठेवाव्यात, उभ्या की आडव्या, आणि किती दिवस टिकतील. माझ्या अनुभवाप्रमाणे याची दोन वेगळी उत्तरे आहेत: एक पहिल्या दोन आठवड्यांसाठी आणि दुसरे त्यानंतरच्या काळासाठी. ही दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो.

बाटलीत भरताना घातलेली साखर यीस्टने खाल्ली, तरच बिअरमध्ये वायू तयार होतो, आणि त्यासाठी यीस्टला ऊब लागते. म्हणून पहिले दोन आठवडे बाटल्या १८ ते २४ अंश सेल्सियस तापमानात, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. भरल्या भरल्या फ्रिजमध्ये ठेवल्यास यीस्ट मंदावते आणि बिअर सपक राहते. दोन आठवड्यांनी एक बाटली गार करून उघडावी आणि फेस कमी वाटला तर बाकीच्यांना आणखी एक आठवडा द्यावा.

याच काळात एक धोका असतो, आणि त्याबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो. एकदा मी हायड्रोमीटर (बिअरमध्ये साखर किती उरली आहे याचा अंदाज देणारे उपकरण) न वापरता, केवळ बुडबुडे थांबले म्हणून किण्वन (यीस्टने साखरेचे अल्कोहोल करण्याची क्रिया) संपले असे समजून बिअर भरली. तिसऱ्या आठवड्यात रात्री कपाटात एक बाटली फुटली, तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन फुटल्या, आणि काचेचे तुकडे कपाटाच्या दारात रुतून बसले. जवळ कोणी नव्हते, एवढेच नशीब. शिल्लक राहिलेली शर्करा आणि वरून घातलेली साखर मिळून बाटलीत काच सोसू शकणार नाही इतका दाब तयार झाला होता. तेव्हापासून सलग तीन दिवस हायड्रोमीटरचे माप तेच आल्याशिवाय मी बाटल्या भरत नाही, साखर चमच्याने न मोजता वजन करून लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम घेतो, आणि दाब सोसणाऱ्या जाड काचेच्याच बाटल्या वापरतो. आपल्या बाटल्या भरून झाल्याच आहेत, तेव्हा त्या झाकणाच्या मजबूत खोक्यात, जमिनीलगत आणि माणसांच्या वावरापासून दूर ठेवाव्यात. पुढील खेपेला एक बाटली प्लास्टिकची भरावी. ती दाबून पाहिली की आत दाब किती आला आहे याचा अंदाज येतो. चाचणीची बाटली उघडताच बिअर कारंज्यासारखी उसळली, तर हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून उरलेल्या बाटल्या लगेच गार कराव्यात, कारण थंडीत दाब उतरतो आणि यीस्टही थांबते. त्यानंतर त्या गारच ठेवून लवकर संपवाव्यात.

वायू तयार झाला की मात्र ऊब नको. उष्णतेने बिअर लवकर शिळी होते: तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. फ्रिजमध्ये जागा नसेल, तर घरातील सर्वांत थंड आणि तापमान फारसे न बदलणारी जागा शोधावी. छताजवळचा माळा, स्वयंपाकघरातील ओट्याखालचा कप्पा आणि फ्रिजच्या मागची जागा टाळावी. उन्हाशी तर बिअरचे वैरच आहे. हॉप्समधील (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांमधील) कडवट घटक प्रकाशाने तुटतात आणि त्यांतून उग्र, कुबट वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. थेट ऊन लागल्यास हे काही मिनिटांतही घडू शकते. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, तर हिरवी आणि पारदर्शक काच फारशी उपयोगाची नाही, म्हणून अशा बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच ठेवाव्यात.

प्राणवायूचा प्रश्न खरे तर भरण्याच्या दिवशीच निकालात निघालेला असतो. त्या वेळी बिअर खळखळली असेल, तर ती कितीही जपून ठेवली तरी पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. प्लास्टिकच्या बाटलीतून प्राणवायू हळूहळू आत शिरतो, त्यामुळे अशी बाटली महिन्या-दोन महिन्यांत संपवावी.

बाटल्या उभ्याच ठेवाव्यात. त्यामुळे यीस्टचा गाळ तळाशी घट्ट बसतो आणि ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवता येतो; आडव्या बाटलीत तो कडेला पसरतो आणि हलवताच मिसळतो. धातूच्या झाकणाला बुचाप्रमाणे ओले ठेवण्याची गरज नसते.

टिकण्याबाबत बिअरचा प्रकार पाहावा लागतो. हॉप्सचा सुगंध हाच जिचा प्राण आहे अशी बिअर दोन महिन्यांच्या आत प्यावी, कारण तो सुगंध सर्वांत आधी उडतो. साधी एल थंड जागी चार-सहा महिने चांगली राहते. आठ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली गडद, दाट बिअर मात्र वर्षभराने अधिक मुरलेली लागते, आणि तिच्यासाठी धीर धरणे सार्थकी लागते असे मला मनापासून वाटते. प्रत्येक झाकणावर भरल्याची तारीख लिहून ठेवावी.

राहिला फ्रिजचा प्रश्न. सगळ्या बाटल्या एकदम आत ठेवण्याची गरज नाही. पिण्याच्या दोन दिवस आधी चार-पाच बाटल्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे वायू नीट विरघळतो आणि गाळही बसतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र बाटली विसरू नये, कारण बिअर गोठताना फुगते आणि काच तडकते.