वही बंद झाली की ईएमआर सुरू होतं

सप्रेम आशीर्वाद.

हॉस्पिटलात ईएमआर, म्हणजे रुग्णांच्या नोंदी कागदाऐवजी संगणकात ठेवायची पद्धत, राबवायचं काम तुझ्याकडे आलंय आणि स्टाफ सहकार्य करत नाही, असं तू लिहिलंयस. प्रशिक्षणाची आणखी एक फेरी लावण्याआधी मेडिसिन वॉर्डात एक अख्खी सकाळपाळी सिस्टरांबरोबर काढ. एकच आकडा किती ठिकाणी लिहिला जातो ते बघ. ताप आधी टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर, मग हँडओव्हरच्या वहीत, मग संगणकात. औषध ट्रीटमेंट शीटवर, इंडेंट बुकात (औषधं मागवायच्या वहीत) आणि पुन्हा संगणकात. ज्याला तू विरोध म्हणतोस, तो बहुतेक वेळा या तिसऱ्यांदा लिहिण्याला असतो.

हिशेब मांडून बघ. ३० खाटांचा वॉर्ड, दर चार तासांनी व्हायटल्स (ताप, नाडी, बीपी वगैरे), म्हणजे दिवसाला १८० नोंदी. एका नोंदीला २० सेकंद जादा लागले तरी रोजचा एक तास गेला, आणि तो जातो रुग्णाजवळच्या वेळेतून. म्हणून प्रत्येक वॉर्डात किती वह्या आणि फॉर्म आहेत याची यादी कर. संगणकात जे आलं, त्याची वही बंद करण्याची तारीख मेट्रनकडून (नर्सिंगच्या प्रमुखांकडून) लेखी घे. दोन्ही पद्धती समांतर चालवायच्या तर दोन आठवडे पुरे. त्याहून लांबलं की स्टाफ कागदालाच खरं मानतो, आणि संगणकातल्या नोंदी पाळी संपताना एकगठ्ठा, आठवून भरल्या जातात.

माहिती-तंत्रज्ञानाचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलं की नवं तंत्र स्वीकारताना माणूस दोन गोष्टी जोखतो: माझ्या कामात याचा उपयोग आहे का, आणि हे वापरायला सोपं आहे का. हॉस्पिटलात पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते. नोंद सिस्टर करते आणि उपयोग होतो डॉक्टरांना, बिलिंगला, विम्याच्या डेस्कला. तेव्हा सुरुवात सगळ्यांचे हेलपाटे वाचतील अशा गोष्टीपासून कर. आधी लॅबचे रिपोर्ट वॉर्डातल्या स्क्रीनवर आण, म्हणजे वॉर्डबॉय मामांना रिपोर्टसाठी खाली पळावं लागणार नाही. त्यानंतर डिस्चार्ज कार्ड, मग औषधांच्या ऑर्डर्स आणि शेवटी नर्सिंग चार्ट. डेंग्यू-मलेरियाने वॉर्ड भरलेले असतात त्या पावसाळ्यात काहीही नवं सुरू करू नकोस. सोमवारीही नको, त्या दिवशी ओपीडी तुंबलेली असते.

सगळ्यात जास्त घोळ ऑर्डर्समध्ये होतो. सकाळी ९ला राउंडवर सर तोंडी सांगतात, 'पॅरासिटामॉल १ ग्रॅम आयव्ही, तीन वेळा.' सिस्टर सव्वानऊला पहिला डोस देते. निवासी डॉक्टरला संगणक मोकळा मिळतो पावणेबाराला, तेव्हा तो ऑर्डर टाकतो. आता नोंदीत औषध आधी दिलेलं आणि ऑर्डर नंतरची! एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या केसमध्ये हा कागद कोर्टात गेला तर उत्तर सिस्टरला द्यावं लागतं. ही भीती खरी आहे, ती झटकून टाकू नकोस. राउंडबरोबर ट्रॉलीवरचा लॅपटॉप फिरला पाहिजे. ते जमणार नसेल तिथे 'तोंडी ऑर्डर' असा वेगळा पर्याय असावा: सिस्टरने ऑर्डर ऐकल्याची वेळ टाकायची, डॉक्टरांच्या नावावर ती सहीसाठी उभी राहील. सही राहिलेल्या ऑर्डर्सची यादी रोज युनिटप्रमुखांकडे जाऊ दे.

मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड दिसला तर मेमो काढण्याआधी लॉगिनला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोज. दोन मिनिटांत आपोआप लॉगआउट आणि परत आत यायला मिनिटभर, असं असेल तर सगळा वॉर्ड इन्चार्जच्याच नावाने काम करणार. प्रत्येकाला स्वतःचा छोटा पिन किंवा टॅप करायचं कार्ड दे.

कॉपी-पेस्टवर नजर ठेव. परवा काढलेली ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) आजच्या नोटमध्ये 'चालू' दिसली की वाचणाऱ्याचा सगळ्याच नोंदींवरचा विश्वास उडतो. जुनी औषधं आणि निदान पुढे आणायला हरकत नाही, पण आजची तपासणी रोज कोरीच उघडली पाहिजे. इशाऱ्यांचंही तसंच. दोन औषधांच्या प्रत्येक किरकोळ इंटरॅक्शनला (एकमेकांवरच्या परिणामाला) खिडकी उघडली तर बोट न वाचता 'ओके'वर जातं आणि पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा इशाराही त्यातच निघून जातो. सुरुवातीला ॲलर्जी, तेच औषध दुबार, गरोदरपणात निषिद्ध औषधं आणि मुलांमध्ये वजनानुसार डोस, एवढेच इशारे ठेव.

प्रशिक्षण सभागृहात दोन तासांचं नको. वॉर्डातच, तिथल्याच रुग्णांच्या नोंदींवर, वीस मिनिटांचं घे, आणि रात्रपाळीलाही घे. प्रत्येक पाळीत मदतीला एक जण नेम. त्यासाठी संगणकात हुशार असलेल्या नव्या मुलीपेक्षा, अडलं की बाकीच्या जिला विचारतात ती सिस्टर निवड.

सिस्टीम बंद पडणार, हे धरूनच चाल. प्रत्येक वॉर्डात छापील फॉर्मचं पाकीट आणि यूपीएसवर चालणारा एक संगणक हवा, ज्यात दर चार तासांनी चालू औषधांची यादी आपोआप उतरते. सिस्टीम परत आल्यावर 'मागाहून नोंद' असा शेरा आणि डोस दिल्याची खरी वेळ, दोन्ही टाकायचं. हे भरायचं काम कुणाचं, ते आधीच नावानिशी ठरव. नाहीतर ते पुढच्या पाळीच्या सिस्टरवर पडतं, आणि जे डोस तिने स्वतः दिलेले नाहीत ते तिच्या नावावर चढतात.

तुझा,
काका