फॉर्ममध्ये ओबीसीऐवजी ओपन पडलं, आता?

प्रश्न: मुलीचा नीटचा फॉर्म नेट कॅफेत भरला, त्यात ओबीसीऐवजी जनरल झालंय. करेक्शन विंडो बंद झाली. दाखले सगळे आहेत. कोर्टात जाऊ का? – एक आई, बार्शी

उत्तर: ताई, आधी घाबरू नका. नीटच्या फॉर्मातली कॅटेगरी मुख्यतः १५ टक्के ऑल इंडिया कोट्याला (देशभरातल्या मुलांसाठीच्या जागांना) लागते, राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेलचा (राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाचा) फॉर्म वेगळा असतो, तिथे ओबीसी बरोबर टाका आणि जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला), नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) तारखेआधी हातात ठेवा, नॉन-क्रिमीलेअरवरची ३१ मार्चची मुदत तर दोनदा बघा कारण खरी गफलत तिथेच होते. तरी अडवलंच तर लगेच लेखी अर्ज, पोच घ्या, मग हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका. २००४ साली ओरिसाच्या मेडिकल अ‍ॅडमिशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की पात्रता मुदतीत असली पाहिजे, पुराव्याला थोडा उशीर झाला म्हणून दरवेळी अर्ज फेटाळायची गरज नाही. पण तिथे चूक दाखला देणाऱ्या ऑफिसची होती, तुमच्याकडे ती फॉर्म भरतानाची आहे, आणि हा फरक फार मोठा, कोर्ट आधी तेच विचारतं की चूक कोणाची आणि आलात किती लवकर. म्हणून प्रवेशाचा राउंड संपायची वाट बघत बसू नका.