‘दा’ खणखणीत, ‘रा’ मिळमिळीत

सतारीसारख्या वाद्यांवर तार छेडण्याच्या, म्हणजे आघाताच्या दिशेबद्दल पत्रांतून पुन्हा तेच प्रश्न आले आहेत, म्हणून एकत्रच उत्तरे देतो. ‘दा’ आणि ‘रा’ हे दोन उलट दिशांच्या आघातांचे बोल.

सतारीवर ‘दा’ आत की बाहेर? (डिचोली)

आत, स्वतःकडे. ‘रा’ बाहेर.

मग सरोदवर ‘दा’ खाली का? (म्हापसा)

तिथे तार छेडायचा करवंटीचा तुकडा, म्हणजे जवा, चिमटीत धरतात, खालचा आघात जोरकस येतो. सरोदचे व्हिडिओ बघून सतारीचा हात बसवू नका.

माझा ‘रा’ कमजोर येतो. दुकानदार म्हणतो, महागडी नखी (बोटात घालायची तारेची मिजराब) घ्या, दोन्ही बोल सारखे होतील. (फोंडा)

घेऊ नका. सुटलेली तार दोन्हीकडे हेलकावतेच, तेव्हा नुसत्या दिशेने फारसे बिघडत नाही. बिघडते ते जोर, कोन आणि जागा बदलल्याने. बोट मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बलवान, म्हणून ‘दा’ आपसूक दणकट येतो. ‘रा’ला नखी ओझरती लागते. तार तबलीला (वाद्याच्या पुढच्या लाकडी फळीला) समांतर हलली की घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या आधाराला, कमी ढकलते. नाद लहान पण टिकाऊ होतो. तबलीच्या दिशेने हलली तर मोठा, पण लवकर विरणारा. शिवाय जवारीचा, म्हणजे घोडीच्या घासून घडवलेल्या माथ्याचा, झंकार येतो तो तार घोडीच्या उताराला टेकत-सुटत राहते म्हणून, आणि ते काम याच उभ्या हालचालीचे. त्यात पुष्कळांचा हात ‘रा’ला नकळत घोडीकडे सरकतो आणि आवाज चरचरतो. मसीतखानी गतीचे (संथ लयीतल्या ठरीव रचनेचे) बोल ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ अगदी संथ वाजवा, अंगठा जागचा हलू देऊ नका. झाल्यात, म्हणजे शेवटच्या जलद वादनात, दर ‘दा’मागून चिकारीवर (लयीसाठी छेडायच्या बाजूच्या तारांवर) येणारे तिन्ही ‘रा’ कच्चा हात लगेच उघडा पाडतात. पण तुमचा हात नेमका कुठे चुकतो ते पत्रातून दिसत नाही. गुरूंसमोर बसा.

गिटारवर वरचा फटका पातळ का? (मडगाव)

वर येताना पिक आधी बारीक तारांना लागते, जाड तारांपर्यंत अनेकदा पोचतही नाही.

पावसात आवाज बसला. जवारी घरीच कानशीने घासू? (काणकोण)

मुळीच नको, घासलेला माथा भरून येत नाही. आधी गंजलेल्या तारा बदला. फरक पडला नाही तर वाद्य मिरजेच्या जाणत्या कारागिराला दाखवा, आणि ‘चवथ झाल्यावर बघू’ म्हणू नका. बसलेल्या जवारीवर मुले जोर वाढवत जातात आणि हात कायमचा जड होतो.

‘रा’ घोटताना मनगट दुखते. सवयीने जाईल असे मित्र म्हणतात. (पेडणे)

मित्रांचे ऐकू नका. आजच रियाज थांबवा, डॉक्टरांना दाखवा, मग गुरूंना विचारून हाताची बैठक बदला.