मुलीची इम्युनिटी चांगली असेल तर एचपीव्हीची लस कशाला?

प्रश्न असा आहे: ‘मुलगी 12 वर्षांची. घरचं ताजं जेवण, सर्दी-खोकलासुद्धा क्वचित. निसर्गानं दिलेली इम्युनिटी इतकी चांगली असताना लस खरंच लागते का? आणि विषाणूनं कर्करोग होतो तरी कसा?’

लागते. लस द्या. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, लैंगिक संबंधातून पसरणारा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू. ‘आमची इम्युनिटी चांगली आहे’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून थोडं लांबलचक लिहितोय.

जन्मजात प्रतिकारशक्ती आधी धोका ओळखते, मग लढते. ओळखताच आलं नाही तर तिची ताकद काही कामाची नाही. फ्लूचा विषाणू पेशीत शिरला की त्याचा आरएनए (जनुकीय साहित्य) रिग-आय नावाच्या प्रथिनाच्या तावडीत सापडतो. इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सुटतं, शेजारच्या पेशी सावध होतात, ताप येतो, अंग ठणकतं. एचपीव्ही यातलं काहीच घडू देत नाही. गर्भाशयमुखाच्या अस्तराला बारीकसा ओरखडा पडला की तो सगळ्यात खालच्या थरात शिरतो आणि मोजक्या प्रती करून गप्प बसतो. नवे विषाणू तयार होतात ते वरच्या थरातल्या, नाहीतरी गळून पडणाऱ्या पेशींत. पेशी फुटत नाही, सूज येत नाही, विषाणू रक्तात उतरत नाही. मग काढे पिऊन ‘वाढवलेली’ शक्ती धावून जाणार कुणावर?

एवढं करूनही शरीराला सुगावा लागू शकतो, त्याचाही बंदोबस्त आहे. पेशीद्रवात डीएनए भटकताना दिसला की सीगॅस आणि स्टिंग ही प्रथिनांची जोडी इंटरफेरॉन सुरू करायला लावते. विषाणूचं ई7 प्रथिन स्टिंगलाच अडवतं. ई6 प्रथिन इंटरफेरॉनचं जनुक चालू करणाऱ्या आयआरएफ3 ला धरून ठेवतं. ई5 सगळ्यात बेरकी. पेशीच्या आत काय चाललंय ते पृष्ठभागावर दाखवणारी प्रथिनं म्हणजे एचएलए. त्यातले ए आणि बी ते आतच अडकवतं, त्यामुळे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशींना संसर्ग दिसत नाही. पण सगळेच एचएलए गायब झाले असते तर एचएलए नसलेल्या पेशी टिपणाऱ्या एनके पेशींनी ती पेशी मारली असती, म्हणून सी आणि ई मात्र बाहेर ठेवतं.

आता कर्करोग. एचपीव्हीचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, जेमतेम 8,000 बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा). डीएनएच्या प्रती काढायची बहुतेक सामग्री त्याला आपल्या पेशीकडून घ्यावी लागते, आणि वरच्या थरातल्या पेशींनी तर विभाजन थांबवलेलं असतं. ते पुन्हा सुरू करायला ई7 हे विभाजनाला ब्रेक लावणारं आरबी प्रथिन मोडतं. असं जबरदस्तीचं विभाजन दिसलं की पी53 हे राखणदार प्रथिन पेशीला मरायला लावतं, म्हणून ई6 पी53 चा काटा काढतं. यात विषाणूचा हेतू फक्त स्वतःच्या प्रती काढण्याचा. कर्करोग झाल्यानं त्याचा काडीचा फायदा नाही. पण कधीकधी त्याचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो. त्यात बऱ्याचदा ई2 जनुक मोडतं, आणि ई6-ई7 ना लगाम घालणारं तेच असतं. तिथून पुढे विषाणू नव्यानं तयार होवो न होवो, पेशी वाढतच राहते.

जन्मजात प्रतिकारशक्तीच्या भक्तांनी आणखी एक गोष्ट वाचावी. अपोबेक3 ही विषाणूचा डीएनए खराब करणारी आपलीच एन्झाइमं, डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराचं युरासिल करतात. कपड्याचा डाग काढणाऱ्या ब्लीचनं कापडही विरावं, तसं ती आपल्या डीएनएवरही चालतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पेशीची वाढ चालवणाऱ्या पीआयके3सीए जनुकातले नेहमी सापडणारे बदल याच एन्झाइमांच्या खुणा दाखवतात. हेपॅटायटिस बी मध्ये तर यकृताचं नुकसान मुख्यतः आपल्याच प्रतिकार पेशी करतात, आणि वर्षानुवर्षांच्या त्या जाळ-दुरुस्तीतून कर्करोग उभा राहतो. तेव्हा ‘जास्त इम्युनिटी, कमी कर्करोग’ हे गणित चुकीचंच आहे.

लस इथे काय वेगळं करते? लशीत असतात विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या एल1 प्रथिनाची पोकळ कवचं, आत डीएनए नाही. ती दंडाच्या स्नायूत टोचली की प्रतिकारयंत्रणेला पहिल्यांदाच विषाणूचं रूप नीट बघायला मिळतं. प्रतिपिंडं नैसर्गिक संसर्गापेक्षा कितीतरी जास्त बनतात आणि ओरखड्यापाशी विषाणूला पेशीत शिरण्याआधीच गाठतात. आत शिरलेल्याला ती हाकलत नाहीत, म्हणून लैंगिक संबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी द्यायची. 9 ते 14 वयात 2 डोस, 6 महिन्यांच्या अंतरानं. 15 नंतर 3 डोस: 0, 2 आणि 6 महिने. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेला 9 ते 20 वयात एकच डोसही मान्य आहे. पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक ही लस एचपीव्हीच्या 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर आहे. या कर्करोगाचे सुमारे 70 टक्के रुग्ण 16 आणि 18 मुळेच होतात. बाटली 2 ते 8 अंशांत ठेवलेली हवी, गोठलेली लस बाद. टोचल्यावर 15 मिनिटं बसवून ठेवा, या वयातल्या मुलींना कधीकधी घेरी येते.

‘आमच्या घरात संस्कार आहेत, असल्या लशीची गरज नाही’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, तो इथेच मिटवतो. विषाणू नवऱ्याकडूनही येतो, आणि नवऱ्याचा पूर्वेतिहास मुलीच्या संस्कारांवर ठरत नाही. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर अभ्यास झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या, संसारी, खेड्यातल्या बायका. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. संस्कारांनी भागत असतं तर तिथे मृत्यू झालेच नसते.

काही गोष्टी राहिल्या. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच साफ करतं, तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. तिथवर जायला साधारण 15-20 वर्षं लागतात, एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर 5-10. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, कारण बाकीचे प्रकार लशीत नाहीत. गरोदरपणात ही लस देत नाहीत. मुलीला यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि त्या दिवशी चांगला ताप असेल तर तारीख पुढे ढकला.

आणि आईनंही, वय तिशीपुढे असेल तर, त्याच फेरीत स्वतःची एचपीव्ही तपासणी विचारून घ्यावी. पाळी चालू नसताना जायचं, आणि आधीचे दोन दिवस योनीमार्गात कुठलंही औषध वापरायचं नाही.