लीड एक, फोन तीन

प्रश्न: आमचं ऑफिस साकीनाक्याला. सेल्सची पोरं नवीन गिऱ्हाईकं शोधतात, पण लिस्ट एक्सेलमध्ये, बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर, फॉलोअपच्या तारखा डायरीत, मग एकाच माणसाला तिघं फोन करतात आणि तो भडकतो. सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचंय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: अहो, स्क्रीन कशी दिसेल ते राहू द्या, आधी डुप्लिकेट नोंदी काढून टाका. माणूस ओळखायचा मोबाईलच्या शेवटच्या १० आकड्यांवरून, नावावरून नाही, कारण कुणी +९१ लावतं कुणी ०, आणि नावाचं स्पेलिंग तर ज्याचं त्याचं. कंपनी असेल तर जीएसटी नंबर घ्या, पण तो राज्यागणिक बदलतो, म्हणून त्यातला तिसऱ्या ते बाराव्या अक्षरापर्यंतचा पॅनचा भाग जुळवायचा, मग मुंबई आणि सुरतची ऑफिसं एकाच नावाखाली येतात. प्रत्येक लीडला, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईकाला, मालक एकच, म्हणजे त्याला फोन करणारा पोरगा एकच. फॉर्म छोटा ठेवा हो, पोरं अंधेरी-घाटकोपर मेट्रोत उभ्यानं भरणार, १५ रकाने दिलेत तर परत डायरीच काढतील! डीएनडीची, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत असं त्या माणसानं नोंदवलंय का याची, तपासणी डायल करायच्या आधीच व्हायला हवी, ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) २०१८चे नियम आहेत त्यासाठी. आणि शून्यातून बनवू नका, तयार सीआरएम, म्हणजे गिऱ्हाईकांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्या, व्हॉट्सअ‍ॅप वगैरेशी जोडण्या तेवढ्या करून घ्या.