पेन्शन पौंडात, घर जळगावात

परदेशात आयुष्य काढून निवृत्तीनंतर खान्देशात राहायला येण्याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं हिवाळ्यात गावी येऊन गेलेल्यांची आहेत. केळीच्या बागा, शेतातली भरीत पार्टी आणि अंगावर शाल घ्यावी अशी रात्र बघून कुणालाही इथे राहावंसं वाटतं. उत्तरं देताना आम्ही मात्र मे महिना आणि पुढची वीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं लेस्टरला असतो, मूळ गाव यावल तालुक्यात. दोघांनाही लवकरच ब्रिटिश सरकारी पेन्शन सुरू होईल. तेवढ्यावर जळगावला आरामात राहता येईल असं सगळे म्हणतात. पुढेही ते तसंच राहील का?

सुरुवातीला राहील, पुढे हळूहळू आवळत जाईल. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण वाढत नाही. तुम्ही कायमचे इकडे आलात त्या दिवशी जो दर असेल, किंवा इथे आल्यावर पेन्शन सुरू केली तर त्या वेळचा जो दर असेल, तोच आयुष्यभर. दरवर्षीची वाढ अमेरिका, युरोपीय देश किंवा फिलिपिन्समध्ये राहणाऱ्यांना मिळते. भारत त्या यादीत नाही.

फरक किती पडतो ते आकड्यांतच बघा. २०१५-१६ मध्ये जुन्या पद्धतीची (एप्रिल २०१६ पूर्वी पेन्शनचं वय गाठलेल्यांची) पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला ११५.९५ पौंड होती. २०२५-२६ मध्ये ती १७६.४५ झाली. २०१५-१६ साली भारतात आलेल्या माणसाला आजही ११५.९५ च मिळतात. पौंड तेव्हा साधारण ९८ रुपयांना होता, २०२५ मध्ये ११५ च्या आसपास गेला. म्हणजे रुपयांत त्याची पेन्शन सतराएक टक्क्यांनी वाढली आणि त्याच काळात इथली महागाई साधारण दीडपट झाली. रुपया पडतोच, त्यामुळे परदेशी पेन्शनवाल्याला चिंता नाही, हे बोलणं पौंडाच्या बाबतीत खरं ठरलेलं नाही.

नव्या पद्धतीची (त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांची) पूर्ण पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड होती. ११५ चा भाव धरला तर माणशी महिन्याला सुमारे १ लाख १५ हजार रुपये. जळगाव, भुसावळ, धुळे कुठेही आज दोघांना हे भरपूर आहेत. पण ५ टक्के महागाईने खर्च चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट होतो. तेव्हा तुम्ही ऐंशीच्या पुढे असाल आणि नेमका त्याच वयात मदतनीस, औषधं आणि दवाखाना वाढतो. म्हणून सरकारी पेन्शनवर फक्त किराणा, वीज आणि कामवाल्या मावशी भागवायच्या असं धरा. खासगी पेन्शन किंवा बचत वेगळी ठेवा, आणि तिचा काही भाग वाढणाऱ्या गुंतवणुकीत असू द्या.

दोन बारीक गोष्टी. निवृत्त माणूस हयात आहे याचा दाखला तिकडून टपालाने येतो आणि तो वेळेत भरून परत गेला नाही तर पेन्शन थांबते. गावचा पत्ता देण्यापेक्षा टपाल खात्रीने मिळेल असा शहरातला पत्ता द्या. दुसरं, परदेशी राहायला गेलेल्या ग्राहकांची खाती काही ब्रिटिश बँका बंद करतात. निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

प्रश्न : अमेरिकेतल्यांचंही असंच आहे का? आम्ही न्यू जर्सीत आहोत. कर कुठे भरायचा?

पेन्शनच्या बाबतीत तुमचं बरं आहे. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शनची, वार्षिक वाढ भारतातही मिळते, आणि डॉलर २०१५ च्या सुमारे ६४ रुपयांवरून २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. भारत-अमेरिका करारानुसार भारतात राहणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटीवर कर फक्त अमेरिका लावते. मात्र अमेरिकन नागरिकाला भारतात राहूनही, उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर, तिकडचं विवरणपत्र दरवर्षी भरावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळी माहितीही द्यावी लागते. भारतीय म्युच्युअल फंडांवर अमेरिकेचे नियम फार जाचक आहेत. इथला ओळखीचा एजंट कितीही आग्रह करो, अमेरिकन पासपोर्ट असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ग्रीन कार्ड सोडून भारतीय नागरिक म्हणून परतणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या ८५ टक्के रकमेवर ३० टक्के कर कापला जातो, म्हणजे एकूण २५.५ टक्के रक्कम हातात येण्याआधीच जाते.

भारतातल्या कराचं म्हणाल तर, बरीच वर्षं बाहेर राहिलेला माणूस परतल्यावर साधारण दोन, कधी तीन आर्थिक वर्षं ‘रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही’ या गटात राहतो. या काळात परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर इथे कर नाही. ब्रिटिश खासगी पेन्शनमधली एकरकमी २५ टक्के रक्कम काढायची असेल किंवा तिकडचे शेअर विकायचे असतील, तर ते याच काळात उरका. ऑक्टोबरच्या मध्यानंतर आलात तर त्या मार्चपर्यंत १८२ दिवस भरत नाहीत आणि एक वर्ष अनिवासी म्हणून पदरात पडू शकतं. मात्र मागच्या चार वर्षांतल्या तुमच्या फेऱ्यांचे दिवस ३६५ किंवा त्याहून जास्त भरत असतील, तर त्या वर्षी साठ दिवस राहिलं तरी रहिवासी धरण्याचा नियम लागू होऊन हा फायदा जातो. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन सीएकडे जा, अंदाजाने तारीख ठरवू नका.

प्रश्न : ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) आहे. दर सहा महिन्यांनी पोलिसांत हजेरी द्यावी लागते का?

नाही. कितीही दिवस राहा, नोंदणी लागत नाही. पत्ता किंवा व्यवसाय बदलला तर तेवढं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ईमेलने कळवायचं. वयाच्या पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की त्याची प्रत आणि फोटो एकदा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन चढवायचा. आधार कार्ड मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्यावर मिळतं. मतदान करता येत नाही, ग्रामपंचायतीचंही नाही.

प्रश्न : वडील थकले आहेत. चोपडा तालुक्यातली सहा एकर माझ्या नावावर बक्षीसपत्राने करून देतो म्हणतात. शेजारची दोन एकरही विकायला आहे. मी ब्रिटिश नागरिक, ओसीआयधारक. घ्यावी का?

दोन्ही नको. ओसीआयधारकाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, आणि शेतजमीन बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. घर, फ्लॅट, दुकान चालतं. पत्रांत सर्वांत जास्त गोंधळ याच मुद्द्यावर दिसला, कारण दस्त नोंदवताना पासपोर्ट कुणी विचारत नाही आणि भानगड पुढे विकताना उघडी पडते. भाच्याच्या नावावर घेऊन ठेवणं हा तर स्वतःहून ओढवून घेतलेला खटला. बेनामी व्यवहाराचा कायदा आहेच, शिवाय भाचाही कायम भाचाच राहतो असं नाही.

वारसाने मात्र जमीन मिळू शकते. वडिलांनी मृत्युपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावं. त्यांच्या पश्चात मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही होतो. फेरफाराची नोंद होते, नोटिसा निघतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नाव येतं. सगळी भावंडं एकाच वेळी अर्जात असली तर काम सरळ होतं. एका बहिणीचं नाव राहिलं की पुढची दहा वर्षं त्यातच जातात.

पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरीही असावा लागतो. जमीन शहराजवळ आहे का हेही बघा. एक लाख ते दहा लाख वस्तीच्या पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली आणि दहा हजार ते एक लाख वस्तीच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली नफ्याच्या करात येते. त्यापलीकडची येत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ पहिल्या गटात आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार अमळनेर दुसऱ्या गटात आहे. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या रुपयांतल्या खात्यात) जमा करून सीएच्या प्रमाणपत्रावर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

तिकडून मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हुकल्यामुळे कागद कपाटात पडून राहिल्याची पत्रं बरीच आहेत.

प्रश्न : मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. वय ६६. विमा मिळेल का, आणि मोठ्या आजाराला कुठे जायचं?

मिळेल. २०२४ पासून विमा नियामकाने वयाची अट काढली आहे आणि आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे. तीन वर्षांचं हे घड्याळ पॉलिसी घेतल्यापासून चालू होतं. म्हणून परतायचं ठरलं की भारतातला विमा आधी घ्या, सामान मागून बांधा. अर्जात मधुमेह लपवू नका. दावा नाकारायला तेवढंच कारण पुरतं. मोतीबिंदू, गुडघा, हर्निया यांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा, कारण मर्यादेबाहेरची खोली घेतली तर इतर बिलही त्याच प्रमाणात कापतात.

अमेरिकेतल्यांसाठी : मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, भारतात चालत नाही. त्याचा भाग ‘बी’ बंद केला आणि पुढे परत घेतला तर प्रत्येक बारा महिन्यांमागे १० टक्के जादा हप्ता कायमचा लागतो. २०२५ मध्ये मूळ हप्ता महिन्याला १८५ डॉलर होता. परत जाण्याची शक्यता खरीच असेल तर चालू ठेवणं परवडतं, नाहीतर नाही. ब्रिटनमधून कायमचे बाहेर गेलात की एनएचएसचे (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे) मोफत रुग्णालयीन उपचारही सुटतात. पुन्हा तिकडे राहायला गेल्यावर ते सुरू होतात.

नेहमीच्या आजारांना, हृदयाच्या बऱ्याच कामांनाही जळगाव-धुळ्यात सोय आहे. पुढे जायचं झालं तर जळगावकर छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई, धुळेकर नाशिक, शिरपूरकर इंदूर आणि नंदुरबार-नवापूरकर सुरत गाठतात. घर निवडताना अजिंठा-वेरूळच्या सहलीपेक्षा हे अंतर आधी मोजा.

प्रश्न : उन्हाळा खरोखर किती त्रासदायक असतो? घरात काय करून घ्यावं?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४३-४५ च्या घरात जातो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो. घर घेण्याआधी एक अख्खा मे भाड्याच्या घरात काढा. हे टाळून वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेला मोठ्या काचा असलेला फ्लॅट जानेवारीत घेणारे पुष्कळ आहेत.

जुनी धाब्याची मातीची घरं उगाच नव्हती. स्लॅबच्या घरात तेवढी जाड माती शक्य नाही, म्हणून गच्चीवर पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे बसवा किंवा उन्हाळ्याआधी चुन्याचा अथवा उष्णता परतवणाऱ्या रंगाचा हात द्या. धूळ बसली की परिणाम उतरतो, त्यामुळे महिन्यातून एकदा धुवावी लागते. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून भागत नाही. ऊन बाहेरच अडवा.

एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्याने डेझर्ट कूलर झकास चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत नुसती चिकचिक होते. जून अर्धा झाला, ढग आले की त्याचा उपयोग संपतो. बोअरचं पाणी जड असतं. क्षार पॅडवर बसून हवा अडते. टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाका आणि गवताचे पॅड दरवर्षी बदला.

एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. ४५ ला ती घटते. म्हणून वरच्या मजल्यावर १२० चौरस फुटांच्या खोलीलाही दीड टनाचा घ्या आणि बाहेरचा भाग पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. घरगुती इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, एसी नाही. गच्चीवरचं सोलर एका किलोवॅटला दिवसाकाठी साधारण चार युनिट देतं. पॅनेल तापलं की थोडं कमी.

तुम्ही मधुमेही असाल तर इन्सुलिन फ्रिजमध्ये, आणि वीज गेली तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात. लघवीची गोळी किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर मार्चमध्येच डॉक्टरांना भेटून उन्हाळ्याचा डोस विचारून घ्या. यातल्या काही औषधांनी अंगातलं पाणी लवकर उतरतं आणि तहानही वेळेवर लागत नाही. पाणीपुरवठा बऱ्याच ठिकाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा होतो, म्हणून खालची टाकी किमान पाच हजार लिटरची करा.

प्रश्न : अमेरिकेतला मोठा फ्रिज आणि वॉशिंग मशीन कंटेनरमधून आणावं का?

नको. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ नाही. कॉम्प्रेसरची मोटर तापून लवकर जाते आणि सुटे भाग मिळत नाहीत. इंग्लंडची उपकरणं प्लग बदलून चालतात, तरी वाहतुकीच्या खर्चात इथे नवी येतील. कंटेनरमध्ये जागा उरत असेल तर चांगली गादी आणि पुस्तकं आणा.