पाव किलो मैदा म्हणजे किती वाट्या?

प्रश्न : सासूबाईंच्या वहीत नानकटाईचं प्रमाण आहे : मैदा पाव किलो, पिठीसाखर 150 ग्रॅम, तूप 150 ग्रॅम. घरात वजनकाटा नाही. अर्धा लिटर दुधाच्या पिशवीत माझ्या अडीच वाट्या भरतात, म्हणजे वाटी 200 मिलीची. त्या हिशेबाने सव्वा वाटी मैदा आणि साखर नि तूप पाऊण-पाऊण वाटी घेतलं. नानकटाया ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटल्या. काकू, कुठे चुकलं?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : दुधाच्या पिशवीवरून वाटी मोजलीत, हे फार छान केलंत. पण 200 मिलीच्या वाटीत 200 ग्रॅम बसतं ते पाणी, फार तर दूध. मैद्याच्या कणांत हवा असते. चाळून अलगद भरलेल्या तुमच्या वाटीत मैदा जेमतेम 105 ग्रॅम मावतो, पिठीसाखर साधारण 100 ग्रॅम. तूप मात्र 180 ग्रॅम! म्हणजे तुम्ही घेतलात मैदा 130 ग्रॅम, साखर 75 आणि तूप 135. मैदा-साखर निम्म्यावर आली, तूप जवळजवळ पुरतं पडलं. मैद्यापेक्षा तूप जास्त झाल्यावर नानकटाई पसरणारच.

तुमच्या वाटीने मैदा अडीचला किंचित कमी, पिठीसाखर दीड वाटी आणि तूप पाऊण वाटी अधिक एक मोठा चमचा घ्या. तूप पातळ करूनच मोजा, कारण रवाळ तूप वाटीत पोकळ्या ठेवून बसतं. मोजलं की पुन्हा थिजू द्या आणि मगच साखर घालून फेसा.

भरायची पद्धतही सांगते, कारण घोटाळा इथेच जास्त होतो. मैदा चमच्याने वाटीत सोडायचा आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करायचा. वाटी डब्यात खुपसली किंवा ओट्यावर आपटली, की त्याच वाटीत 20-25 ग्रॅम मैदा सहज जास्त जातो. अडीच वाट्यांत तो फरक 50-60 ग्रॅमचा होतो आणि नानकटाई कोरडी पडून तडकते.

वहीत वजनं आहेत, ती बहुधा बेकरीमुळे. पूर्वी पुण्यात कितीतरी घरांतून मैदा, तूप, साखर घेऊन जवळच्या बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायचे. शंकरपाळ्यांना हा व्याप नाही. वाटी दूध, वाटी तूप, वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा. वाटी कोणतीही चालते, फक्त शेवटपर्यंत तीच हवी. वजन आणि वाटी एकाच पदार्थात मिसळू नका, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तुमच्या वाटीत बारीक रवा साधारण 140 ग्रॅम, दाणेदार साखर 170 आणि तांदूळ 160 ग्रॅम बसतात. बेसनाचं मात्र मी आकडा देऊन सांगणार नाही, दळणाच्या जाडीप्रमाणे ते फार बदलतं. त्यापेक्षा वाण्याकडून अर्ध्या किलोचं बंद पाकीट आणलं, की डब्यात ओतताना वाट्या मोजा आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा : ‘बेसन, अर्धा किलो, इतक्या वाट्या’. मैदा, रवा, कणीक, सगळ्या डब्यांना असंच करा.